दोन दिवसांच्या भाड्याचा सिनेमा

भाड्यानं सिनेमा डाउनलोड करणं किती सोयीचं असतं, हे मला पुन्हा कुणी सांगायला आलं ना, तर त्याला मी दाराबाहेर उभं करीन. फेब्रुवारीत. टोपी न देता. म्हणजे डोकं ताळ्यावर येईल.

माझं नाव इर्या कोस्तामो. मी तोर्निओत राहते, फिनलंडच्या बाजूला. माझी थोरली बहीण सायमी राहते हापारांडात, म्हणजे स्वीडनमध्ये. ऐकायला वाटतं, केवढा तो परदेश! माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या धुराड्याचा धूर दिसतो. मध्ये एक पूल, एक चौक आणि एका अवाढव्य फर्निचरच्या दुकानाचं पार्किंग, बस्स. दूध तिकडे बरं मिळतं म्हणून आम्ही तिकडे जातो, त्यांना आमचा राय धान्याचा पाव आवडतो म्हणून ते इकडे येतात. घड्याळ तेवढं वेगळं, आमचं त्यांच्या एक तास पुढे. बाकी सीमा म्हणून इथे काही उरलेलं नाही. आणि हे मी सांगतेय, जिनं कस्टमच्या नोकरीत याच पुलावर उभं राहून लोकांच्या गाड्या उघडून बघितल्या.

तर सायमीचं सांगते. ती अठरा वर्षांची होती तेव्हा आमच्या खोऱ्यात हेलसिंकीहून सिनेमावाले आले. नदीतून ओंडके वाहून नेणाऱ्या माणसांची कुठलीशी गोष्ट होती आणि त्यांना गावातल्या मुली हव्या होत्या. सायमी गेली. एक दिवस काम केलं आणि संध्याकाळी घरी आली. आमचे वडील प्रार्थनाघरात उपदेश करायचे. आमच्या घरात रेडिओ नव्हता. खिडक्यांना पडदे नव्हते, कारण पडदे म्हणजे नटवेपणा. सिनेमा तर थेट नरकाचा दरवाजा! कुणीतरी आधीच येऊन चुगली केली होती. वडिलांनी तिला उंबऱ्यावरच अडवलं. "हे तोंड पुन्हा या घरात दिसायला नको," म्हणाले आणि दार लावून घेतलं. मी आठ वर्षांची होते. टेबलाखाली बसून सगळं ऐकत होते.

ती पूल ओलांडून गेली, हापारांडात एका घरी धुणीभांडी धरली, पुढे रेल्वेतल्या तूरेशी लग्न केलं. वडील त्यानंतर जवळजवळ तीस वर्षं जगले, पण शब्द काही मागे घेतला नाही. आई पुलाच्या मध्यापर्यंत चालत जायची, सायमी पलीकडून यायची, आणि दोघी वाऱ्यात उभ्या राहून बोलायच्या. वडिलांना पुरलं तेव्हा सायमी कुंपणाबाहेर उभी होती. ते घर माझ्याकडे आलं. मी आजही तिथेच राहते, आणि सायमीनं दार लागल्या दिवसापासून त्या घरात पाऊल टाकलेलं नव्हतं. मी किती वेळा बोलावलं असेल! शेवटी बोलवायचं सोडून दिलं. कॉफी प्यायची ती तिच्याकडेच.

आणि तो सिनेमा? तो तिनं पाहिलाच नव्हता. एकदा टीव्हीवर लागला, तेव्हा बाई बाळंतपणाला दवाखान्यात. त्यानंतर तो कुठल्या तळघरात जाऊन पडला देव जाणे. ज्याच्यापायी घर सुटलं ती गोष्ट नुसती डोळ्यांनी बघायलासुद्धा मिळू नये, याला काय म्हणायचं?

आता तर डोळेच चाललेत तिचे. समोरचं माणूस बघायला गेलं की मधोमध डाग, कडेकडेनं दिसेल तेवढं दिसतं. डॉक्टरीणबाई डोळ्यात इंजेक्शनं देतात, पण उन्हाळ्यापर्यंत किती दिसेल असं विचारलं की विषय बदलतात.

अशात तिच्या मुलाचा, केंटचा, गोथेनबर्गहून फोन आला. तो जुना सिनेमा कुणीतरी साफसूफ करून भाड्यानं डाउनलोड करायला ठेवलाय. फक्त फिनलंडमध्ये, आणि तोही थोडेच दिवस. झालं! तूरेच्या टेबलावर पंचायत बसली.

"भाड्यानं?" तूरे म्हणाला. "म्हणजे पैसे द्यायचे आणि हातात काय येणार? वारा? त्यापेक्षा डीव्हीडी घ्या. कपाटात राहते. आल्यागेल्याला दाखवता येते."

"तूरे, तुझ्या कपाटात ढीगभर डीव्हीड्या आहेत आणि त्या लावायचं यंत्र तू भंगारात दिलंस," मी म्हटलं.

"ते बिघडलं होतं."

"मग डीव्हीडी काय कपाळाला लावून बघणार?"

केंट फोनवरून ओरडत होता. "मावशी, अगं या सिनेमाची डीव्हीडी निघालीच नाही कधी! आणि भाड्याचं काय वाईट आहे? थंडीत बाहेर जायला नको, परत द्यायला नको, चरे पडत नाहीत. आता साफ केलाय म्हणजे चित्र लख्ख असणार. मोठ्या टीव्हीवर लावलं तर आईला दिसेल तरी."

"आणि एकदा सुरू केला की दोन दिवसांत गायब," तूरे म्हणाला. "ही कसली रीत? मी जेवायला बसायचं आणि वाढणाऱ्यानं डोक्यावर घड्याळ घेऊन उभं राहायचं! मी पैसे मोजले की वस्तू माझी. मी ती आज बघीन, उद्या बघीन, नाहीतर कोंबड्यांना दाखवीन."

"तुझ्याकडे कोंबड्या नाहीत."

"मुद्दा तो नाही!"

खरं सांगायचं तर मीही तूरेच्याच बाजूची होते. जी वस्तू शेजारणीला देता येत नाही, ती आपली कसली? मी आमच्या वाचनालयात जाऊन विचारलं. तिथली बाई गोड बोलली. रीतसर परवानगी काढू म्हणाली, गावासाठी खेळ लावू म्हणाली, शरद ऋतूत. शरदात! तोवर सायमीनं काय, आवाज ऐकत बसायचं? तरीही मी आठवडाभर त्याच आशेवर राहिले, तूरे आठवडाभर जुन्या बाजारात व्हिडिओ कॅसेट शोधत हिंडला, आणि केंट रोज फोन करून फायदे मोजत राहिला.

सायमी या सगळ्यात एक शब्द बोलली नव्हती. ती इकडच्या रिवाजाप्रमाणे आमच्या कपांत चीजचे तुकडे टाकून वर कॉफी ओतत होती. एक दिवस तिनं किटली टेबलावर आपटली.

"सिनेमा घेताय का शेत घेताय? मला तो कपाटात ठेवायचा नाही. कुणाच्या नावावर करायचा नाही. मला एकदा बघायचाय. एकदा! बाकीचं जग सिनेमा एकदाच बघतं ना?"

मग केंट फोनवर चाचरत म्हणाला की घ्यायचा असेल तर आजच, उद्यापासून तो काढून टाकणार आहेत. आमची वादावादी संपेपर्यंत शेवटचा शुक्रवार उजाडला होता.

मी धावत घरी आले आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून तो सिनेमा लॅपटॉपवर उतरवून घेतला. पिशवीत पाव टाकला की पाव पिशवीत असतो, तसा हाही आता माझ्याकडे आहे, असं मला वाटलं. आणि मग मी ती घोडचूक केली. माझ्याजागी दुसरं कुणी असतं तर केली नसती. पण कस्टमची खोड हाडात मुरलेली. उघडून बघितल्याशिवाय काही पुढे सोडायचं नाही! मी सिनेमा जरासा चालवून बघितला. नदी दिसली, धुकं दिसलं, माल बरोबर आहे म्हणून बंद केला. तेव्हा कुठे तूरेचं ते दोन दिवसांचं बोलणं आठवलं आणि खालची बारीक अक्षरं वाचली. हात लावला नसता तर तो महिनाभर तसाच राहिला असता. हात लावला, आणि दोन दिवसांचं घड्याळ सुरू झालं. रविवारी पाच वाजता संपणार. उघडून बघितलं म्हणून शिक्षा! जगात कुठल्या दुकानात असं असतं?

बरं, म्हटलं, रविवार तर रविवार. त्याच संध्याकाळी सायमीचं इंजेक्शन होतं आणि दुसऱ्या दिवशी तिचा डोळा नुसता पाझरत असतो, तेव्हा शनिवारचा उपयोगच नव्हता.

रविवारी दुपारी जेवणं उरकून मी लॅपटॉप घेऊन पूल ओलांडला. सायमीनं निळं जाकीट घातलं होतं, गळ्याशी पिन लावली होती, केस विंचरले होते. जणू सिनेमाच तिला बघायला येणार होता. तूरेनं कोच ओढून टीव्हीच्या तोंडाशी नेला होता. वायर जोडली. मी बटण दाबलं. पडदा काळा झाला आणि वर अक्षरं आली: 'क्षमस्व. आपण ज्या प्रदेशात आहात तिथे हा सिनेमा उपलब्ध नाही.'

"काय म्हणतंय?" सायमीनं विचारलं. तिला वाचता येत नाही आता.

"मूर्खपणा म्हणतंय," मी म्हटलं.

पुन्हा दाबलं, बंद केलं, चालू केलं. क्षमस्व, क्षमस्व, क्षमस्व. शेवटी कंपनीला फोन लावला. कितीतरी वेळ पिपाणी वाजल्यावर एक पोरगा बोलायला आला, तोंडात साखर घोळवत.

"मॅडम, आपण सध्या स्वीडनमध्ये आहात असं दिसतंय."

"मी माझ्या बहिणीकडे आहे."

"म्हणजे स्वीडनमध्ये."

"अरे, इथून माझं घर दिसतं! खिडकीतून दाखवू का?"

"प्रवासात असलेल्या ग्राहकांना आम्ही परदेशातही सिनेमा बघू देतो, मॅडम. पण आपला फोन जवळजवळ रोजच स्वीडनमध्ये असतो, असं आमच्या यंत्रणेला दिसतंय. त्यामुळे याला प्रवास म्हणता येत नाही."

"मी दूध आणायला येते!"

"हो ना. म्हणूनच आपण नक्की कुठल्या देशात राहता, हे आमच्या यंत्रणेला ठरवता येत नाहीये."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाळा," मी म्हटलं, "या सीमेवर मी लोकांच्या बुटांतून कॉफीच्या पुड्या काढल्यात. सीमा कुठे आहे, ते तू हेलसिंकीत खुर्चीवर बसून मला शिकवू नकोस. माझ्या बहिणीला डोळ्यांनी दिसेनासं होतंय. तिला तो सिनेमा आज बघायचाय."

"मी आपल्या भावना समजू शकतो."

"डोंबल समजतोस!" मी फोन आपटला.

आमच्या वडिलांबद्दल मला फार प्रेम आहे अशातला भाग नाही. पण त्यांनी दार लावलं तेव्हा निदान स्वतः समोर उभे होते. या मेल्यांचं दार लावायला माणूससुद्धा लागत नाही.

"पुलापलीकडे गेलं की चालेल का ते?" तूरेनं विचारलं.

"फिनलंडात कुठेही चालेल."

"मग वाचनालय?"

"आज रविवार आहे."

"गाडीत बसून? पार्किंगमध्ये?"

"लॅपटॉपच्या एवढ्याशा चौकटीत तिला काय दिसणार, तूरे? मोठा टीव्ही हवा."

"मग पलीकडे कुणाच्या तरी घरी..." तो बोलता बोलता थांबला. पलीकडे आमचं कुणाचं घर आहे, ते तिघांनाही माहीत होतं. 'माझ्याकडे चला' असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार होते?

सायमी तशीच बसली होती, हात मांडीवर ठेवून. मग म्हणाली, "इर्या, तुझा टीव्ही केवढा आहे?"

"छोटा आहे."

"तूरे, आपला उचल."

तूरे उठला. मग तो वायरी काढायला लागला. एकेक वायर गुंडाळून, टीव्हीला गोधडीत बांधून, एखादं तान्हं पोर न्यावं तसा तो टीव्ही गाडीत ठेवत होता. मी घाई करा म्हटलं तर त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. "तीन वाजतायत. पाचपर्यंत दोन तास आहेत. सिनेमा दीड तासाचा. सावकाश."

आणि मी मान हलवली. मी! जिनं सगळी नोकरी दोन मनगटांवर दोन देशांची दोन घड्याळं बांधून केली! त्या पोरट्यानं डोकं एवढं तापवलं होतं की मी बसलेय कुठे आणि बघतेय कुठलं घड्याळ, हेच विसरले. पुलावर माझ्या फोननं एक तासाची उडी मारली तेव्हा उजेड पडला.

"तूरे, चार वाजून गेले!"

"कुठे?"

"जिथे सिनेमा आहे तिथे! हाक गाडी!"

घरापाशी पोचून बर्फातून टीव्ही आत न्यायचा तर घसरू नये म्हणून पायऱ्यांवर वाळू टाकायला हवी होती. ते होईपर्यंत अर्धा तासही उरला नव्हता. तूरेनं दारात बूट काढले आणि मोज्यांवर टीव्ही आत नेला. आमच्याकडे बूट घालून घरात कुणी जात नाही. डॉक्टर काढतो, पाद्री काढतो, आग विझवायला आलेला माणूससुद्धा क्षणभर थबकेल. सायमी उंबऱ्याशी उभी राहिली. तिनं चौकटीला हात लावला.

"इथेच उभे होते ना?"

"इथेच," मी म्हटलं.

आणि ती बूट न काढता आत गेली. बर्फानं माखलेले जाडजूड बूट, तशीच चालत बैठकीच्या खोलीपर्यंत गेली, लाकडी जमिनीवर पाण्याचे ठसे उमटवत.

"सायमी, अगं बूट..." तूरे म्हणाला.

"तू गप्प बस रे," मी म्हटलं.

बटण दाबलं आणि सिनेमा निमूट सुरू झाला. या घरात त्याची काहीच तक्रार नव्हती! सगळा बघायला वेळ नव्हता, म्हणून मी तो पुढे पुढे पळवत राहिले. "जेवणाच्या सुट्टीचा प्रसंग," सायमी सांगत होती, "नदीकाठी." एकदा काठ आला तर त्यात घोडे होते. एकदा माणसं आली तर ती भांडत होती. घाईत पडद्यावरचा बाण भलतीकडेच जात होता, आणि तूरे मागून शिकवत होता तो वेगळाच. मग एकदम काठावर बसून भाकऱ्या खाणारे गडी दिसले, आणि डावीकडून बादली घेऊन एक मुलगी आली.

"सायमी! ही बघ!"

सायमीनं खुर्ची इतकी पुढे ओढली की तिचं नाक काचेला टेकलं असतं. मग तिनं मान वळवली, तिरकी, कारण तिला कडेनंच दिसतं. डोक्याला रुमाल बांधलेली ती मुलगी एका गड्यापाशी थांबली. तो पळीनं पाणी प्यायला, तिला काहीतरी म्हणाला, आणि ती मान मागे टाकून हसली. मग बादली घेऊन निघून गेली. संपलं. सांगायला मला जास्त वेळ लागला.

"परत लाव," सायमी म्हणाली.

मी लावलं. पाणी, हसू, बादली.

"मीच ना ती?"

"तूच गं."

"पुढे आहे मी?"

मी पुढे पळवून बघितलं. ओंडके, धुकं, पुन्हा ओंडके. "नाही."

"कुणाबरोबर नाचताना?"

"नाही."

"कुणाच्या गळ्यात पडलेली?"

"नाही गं बाई. एवढंच आहे."

"एवढंच?" तिनं माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या कानाकडे. "मला वाटायचं, काहीतरी असणार. सगळे तसं बोलायचे ना. मला वाटायचं, मला कळलं नसेल, पण कॅमेऱ्यात काहीतरी भलतंच आलं असेल. काही केल्याशिवाय कुणी असं घराबाहेर काढत नाही ना कुणाला." मग म्हणाली, "परत लाव."

मी तिसऱ्यांदा लावलं. त्या मुलीनं हसायला मान मागे टाकली आणि पडदा काळा झाला. 'आपला भाडेकाळ संपला आहे. सिनेमा कसा वाटला? आम्हाला तारे द्या.'

तूरेनं मनगटाकडे बघितलं. "अजून तर तास..."

मी त्या लॅपटॉपला फिनिशमध्ये शिव्या घातल्या, त्या संपल्यावर स्वीडिशमध्ये घातल्या. हसणं तरी पुरतं होऊ द्यायचं होतं रे! तुमच्या बापाचं काय जात होतं? पण सायमीचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती उठून उभी राहिली होती, वडील उभे होते त्या दाराकडे तोंड करून.

"पाणी दिलं मी!" ती ओरडली. तिचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "दमलेल्या माणसांना पाणी दिलं, आणि हसले! यासाठी? यासाठी माझ्या आईला मी पुलावर उभं राहून भेटायचं? ऐकतोयस का रे? पाणी दिलं होतं मी!"

तूरे मोज्यांवर त्या ओल्या जमिनीवर उभा होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण बसलीही नाही.

"इर्या," ती म्हणाली, "छान हसायचे गं मी."

"फार छान," मी म्हटलं. "मी कॉफी ठेवते."

"ठेव." ती भिंतीच्या कडेनं चाचपडत खिडकीपाशी गेली, तिथल्या वडिलांच्या खुर्चीत बसली आणि पाय पसरले. "आज मी इथेच पिणार आहे."